बांध फोडणारी

सासूबाईंनी माझी शिंगं पहिल्यांदा पाहिली ती गच्चीवर वाळत घातलेली.

फोमची शिंगं. फेव्हिकॉलचा दुसरा हात देऊन मी ती दोन खुर्च्यांच्या पाठींना अडकवली होती आणि कामावर जायच्या गडबडीत विसरले होते. सासूबाई पोह्याचे पापड वाळत घालायला वर आल्या आणि तिथूनच ओरडल्या, "अगो, हे कोणाचं?"

"माझं," मी खालून म्हटलं.

मग "बरं" एवढंच आलं. मी वर जाऊन पाहिलं तर त्यांनी पापडांचा प्लास्टिकचा कागद शिंगांपासून चांगला हातभर लांब अंथरला होता.

लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. माझं माहेर रोह्याचं, वडील शाळेत मास्तर, घरात सगळे जपून, पुस्तकी बोलणारे. सासर पेणचं. सासूबाईंचं माहेर पेणच्या पलीकडे खाडीकाठच्या गावात, माणसं शेतीतली आणि मिठागरातली. त्या स्वतः गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करायच्या. मूर्तींचे दागिने सोनेरी करायचे, हिरे चिकटवायचे, आणि हात बसल्यावर छोट्या मूर्तींचे डोळेही आखायला लागल्या होत्या. नवऱ्याची नागोठण्याजवळच्या कंपनीत शिफ्ट, सासरे मी यायच्या आधीच गेलेले. त्यामुळे घरात बराच वेळ आम्ही दोघीच. आमचं भांडण कधी झालं नाही, पण बोलणंही होत नव्हतं. मी त्यांच्या बोलण्याला हसेन असं त्यांना वाटायचं. आपण बोललो तर शिष्ट वाटू, असं मला वाटायचं. दोघी आपापल्या भीतीने चहा पीत बसायचो.

शिंगं सापडल्यावर मला सगळं सांगावंच लागलं. गेममधल्या, कार्टूनमधल्या पात्रांचे वेश स्वतः बनवायचे, ते घालून मुंबईला मोठ्या मेळाव्याला जायचं, तिथे तशीच हजारो वेडी माणसं आलेली असतात, फोटो काढतात, स्पर्धा असते. याला कॉस्प्ले म्हणतात. तुमच्या मुलाची आणि माझी ओळख तिथलीच. तो एका मित्राच्या पंखाचं टोक धरून उभा होता, आणि मला वाट देण्यासाठी त्याने ते वर उचललं होतं.

"हे त्यानं सांगितलं नाय," सासूबाई म्हणाल्या. "म्हणाला, मित्राच्या कार्यक्रमात भेटली."

"कार्यक्रमच होता तो."

त्या हसल्या. मला वाटतं, माझ्यासमोर त्या मोकळ्या हसल्या ती तीच पहिली वेळ.

मला करायचा होता एका गेममधला खलनायक. रोह्याला असताना मी आणि माझा भाऊ सुट्टीभर तो गेम खेळायचो. समुद्राच्या पातळीखाली वसलेलं एक शहर असतं. त्याच्या भोवती मोठी भिंत, आणि त्या भिंतीचा रखवालदार म्हणजे हा सेनापती. धिप्पाड, दाढीवाला, शिंगांचा मुकुट, वरच्या अर्ध्या चेहऱ्यावर मुखवटा, एका खांद्यावर चिलखत आणि हातात भाला. मला तो बाई म्हणून करायचा होता. कॉस्प्लेमध्ये असं करतात. पुरुष पात्र बाई करायचं, बाई असेल तर पुरुष. का करायचंय, हे मला नीट सांगता यायचं नाही. गेममधल्या दुष्ट बायका बहुतेक कोणाच्या तरी मत्सराने नाहीतर प्रेमाने वेड्या झालेल्या असतात. हा गडी कोणाच्या प्रेमात नव्हता. त्याला राग आला होता, एवढंच. तो राग मला बाईच्या अंगावर बघायचा होता.

मी फोनवर नमुने दाखवले. जगभरच्या मुलींनी अशा सेनापती-राक्षसांची बाईरूपं केली होती. बारीक कंबर, उंच टाचा, उघडं पोट. सासूबाईंनी चष्मा लावून एकेक फोटो मोठा करून पाहिला.

"खांद्यावर एवढा पत्रा लावला आणि पोट उघडं?" त्यांनी विचारलं. "बाण काय खांद्यावरच मारतात?"

त्या दिवसापासून त्या माझ्या कामात आल्या. गणपती होऊन गेले होते, कारखान्यात हात रिकामे होते. मी हीट गनने फोम वाकवायचे, त्या धरून बसायच्या. शिंगांना त्यांनी स्पंजने असा काही रंग दिला की ती खरंच कुठल्या तरी जनावराच्या डोक्यावरून काढून आणल्यासारखी दिसायला लागली. खांद्याच्या चिलखतावर मात्र त्यांनी माझ्या नकळत हिऱ्यांची एक वेल काढली. ती काढून टाकताना त्यांचा चेहरा पाहवला नाही. कोपऱ्यातलं एक फूल मी तसंच ठेवलं.

खरी अडचण मुखवट्याला आली. मी त्यांना म्हटलं, डोळे तुम्ही काढा, तुमचा हात माझ्यापेक्षा कितीतरी चांगला. त्यांनी काढले. बघते तर समोर साक्षात दया. राक्षसिणीच्या तोंडावर असे डोळे की मागायला गेलं तर वर देऊन पाठवेल.

"आई, हा दुष्ट आहे."

"मंग भुवई वर करते."

भुवई वर केली. आता दया थोडी चकित झाल्यासारखी दिसत होती. डोळे लाल केले, तर तिला झोप नसल्यासारखं वाटायला लागलं. आम्ही दोघी हसून हसून बेजार झालो. शेवटी त्या ब्रश पाण्यात ठेवून म्हणाल्या, "नाय गो जमत. जन्मभर देवाचे डोळे काढले. पण ह्यानं केलं काय ते तरी सांग. तू नुसतं दुष्ट, दुष्ट म्हणतेस."

मी सांगितलं. राजाने त्याचा अपमान केलेला असतो, त्याचा हक्क डावललेला असतो. म्हणून भरतीच्या वेळी तो भिंतीचे दरवाजे उघडतो आणि समुद्र शहरात घेतो. सगळं बुडतं.

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या.

"म्हंजे बांध फोडला," त्या म्हणाल्या.

"हो, तसंच."

"आमच्या काकीनं फोडला होता."

मला आधी वाटलं, मी चुकीचं ऐकलं. पण त्या अगदी सरळ सांगत होत्या. खाडीकाठच्या त्यांच्या गावात शेती बांधाच्या आत. भरतीचं खारं पाणी बाहेर राहावं म्हणून सगळं गाव मिळून मातीचा बांध राखतं. त्याला खांड गेली, म्हणजे तो कुठे फुटला, की खारं पाणी शेतात शिरतं आणि मग कित्येक पावसाळे भात होत नाही. सासूबाईंची चुलती तरुणपणी विधवा झाली. ती माहेरी गेली असताना दिरांनी तिच्या नवऱ्याचं शेत आपल्या नावावर करून घेतलं. ती परत आल्यावर म्हणाले, तुला दोन वेळचं जेवण मिळतंय ना, मग शेत कशाला? ती काही बोलली नाही. पुढे पौर्णिमेच्या उधाणाला, सगळं गाव एका लग्नाला गेलेलं असताना, भर दुपारी ती फावडा घेऊन बांधावर गेली.

"मी पाहिली तिला," सासूबाई म्हणाल्या. "मला ताप होता म्हणून लग्नाला नेली नव्हती. मी उठून बांधाकडं गेले. काकी माती काढत होती. माझ्याकडं बघून म्हणाली, जेवलीस का गो?"

"मग?"

"मंग काय, मी नाय म्हटलं. म्हणाली, घरी जा, चुलीवर पेज हाय. मी गेले, पेज खाल्ली. परत येते तो पाणी आत."

गावात कोणी शोधाशोध केली नाही, कारण काकीनेच संध्याकाळी दारात बसून सांगितलं होतं, मी फोडला. मी विचारलं, मग तुम्ही तिच्याशी बोलणं सोडलंत? सासूबाईंना प्रश्न विचित्र वाटला. "माझ्या वेण्या तीच घालायची," त्या म्हणाल्या. "मोठी माणसं नाय बोलायची. आम्ही पोरं बोलायचो."

"आता कुठे असतात त्या?"

"कुठं जाणार? तिथंच हाय."

पुढच्या रविवारी आम्ही माझ्या स्कूटीवरून गेलो. शिंगं नेऊ नका असं मी दहादा सांगितलं, तरी सासूबाईंनी ती पिशवीत घालून मांडीवर घेतली. खाडीकडचा रस्ता सगळा खड्ड्यांचा. वाटेत भेटलेल्या एका बाईने विचारलं, "पिशवीत काय गो?" तर सासूबाई म्हणाल्या, "सुनेची शिंगं," आणि मी गाडी तशीच पुढे काढली.

काकी घराच्या मागच्या खोलीत एकटी राहत होती. पुढच्या घरात दिरांची मुलं-नातवंडं. ती पायरीवर बसून सुका जवळा निवडत होती. लहानखुरी बाई, गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेलं लुगडं, दात थोडेच उरलेले. मी कोणीतरी करारी, भेदक नजरेची म्हातारी मनात धरून गेले होते. ही तर बाजारात पुढ्यात आली असती तर मी वाट देऊन विसरून गेले असते.

"जेवलात का गो?" तिने विचारलं.

सासूबाईंनी बसता बसता सगळं उघडं केलं. "काकी, ही माझी सून. हिला बांध फोडणारी व्हायचंय."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. पण काकी खळखळून हसली. "आता? आता तिथं सगळी कोलंबीची तळी हायत. फोडून कोणाचं काय जातंय!"

मग मला गेमची सगळी गोष्ट सांगावी लागली. शहर, भिंत, सेनापती, अपमान. काकी हातातलं काम न थांबवता ऐकत होती. शिंगं तिने हातात घेऊन हलकी किती आहेत ते पाहिलं आणि परत दिली. मी फोनवर भाला दाखवला.

"ह्यानं बांध फुटतो?" तिने विचारलं. "ह्यानं चिंबोरीबी नाय निघायची बिळातून."

"गेममध्ये तसंच आहे, काकी."

"असेल. आणि मंग? त्याचं काय झालं?"

"शेवटी मारतात त्याला."

"कधी?"

"लगेच. शहर बुडतं आणि नायक येऊन त्याला मारतो."

"मंग सुटला की तो," काकी म्हणाली.

जवळ्यातला एक खडा तिने बाजूला फेकला. मग तीच बोलायला लागली, फार काही विशेष सांगतेय अशा आवाजात नाही.

"मला कोणी मारलं नाय. मला वाटलं होतं मारतील, म्हणून तर दारात बसले होते. दीर आले, बघितलं, आत गेले. मोठ्या जावेनं ताट वाढलं आणि पायानं पुढं सरकवलं. मी जेवले. दुसऱ्या दिवशीबी तसंच. त्यांच्याच अंगणात, त्यांच्याच बरोबर. भात विकत आणायचा, तो पुरायचा नाय. मग मी मिठागरात जायला लागले."

मी विचारलं, "वाईट वाटलं का तुम्हाला?" विचारल्यावर वाटलं, विचारायला नको होतं.

काकीने विचार केला. "पोरं पेजेला रडायची तवा वाटायचं," ती म्हणाली. "दिरांकडं बघितलं की नाय वाटायचं."

निघताना मी शेवटचा प्रश्न विचारला, माझ्या कामाचा. मला स्टेजवर उभं राहायचं होतं, म्हणून विचारलं, "तुम्ही बांधावर कशा उभ्या होतात?"

"उभी कशाला राहीन गो? लय काम होतं."

"तू मला विचारलंस, जेवलीस का," सासूबाई म्हणाल्या. "आठवतं?"

"विचारलं असेल," काकी म्हणाली. "दुपारची वेळ होती."

घरी येऊन आम्ही जवळजवळ सगळंच बदललं. शिंगं आणि खांदा राहिले, कारण त्याशिवाय गेमवाल्यांनी ओळखलंच नसतं. भाला गेला. त्याच्या जागी मी फोमचा फावडा केला, पात्याला गंज आणि चिखल दाखवला. आधी ठरवलेल्या चामडी घागऱ्याऐवजी लुगडं, गुडघ्यापर्यंत, काकीसारखं. ते नेसायला सासूबाईंनीच शिकवलं. पायांवर सुकलेल्या खाऱ्या पाण्याची पांढरी पुटं हवी होती. आधी खरं मीठ चिकटवून पाहिलं, त्याला दोन दिवसांत पाणी सुटलं. मग थर्माकोलचा चुरा वापरला. मुखवट्यावरचे डोळे सासूबाईंनी पुसून पुन्हा काढले. या वेळी मी काही सांगितलं नाही. त्यांनी पापण्या खाली घेतल्या. कामात मान घातलेल्या बाईचे असतात तसे डोळे, समोर कोण आहे याची फिकीर नसलेले. मी तो मुखवटा बराच वेळ हातात धरून बसले. सासूबाई म्हणाल्या, "सुकला नाय अजून, बोट लावू नको."

नवऱ्याने खाडीवर जाऊन, भरतीला उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेच्या दारातून, पाणी आत घुसतं त्याचा आवाज फोनवर घेऊन आणला. स्पर्धेत मागे संगीत लावता येतं, आम्ही तो आवाज लावायचं ठरवलं.

मेळाव्याला सासूबाईही आल्या. "दिवसभर एकटी घरात काय करू?" असं म्हणत त्यांनी पहाटे उठून तांदळाच्या भाकऱ्या केल्या आणि डबा भरला. मुंबईतल्या त्या प्रचंड हॉलमध्ये निळ्या केसांची, तलवारी घेतलेली, शेपट्या लावलेली पोरं पाहून त्या बिचकतील असं मला वाटलं होतं. त्या समोर येईल त्याला "तू कोण रे?" विचारत होत्या. आणि पोरं आनंदाने आपापल्या पात्राची जन्मकहाणी सांगत होती. एका पंखवाल्याला त्यांनी विचारलं, "हे घालून बसतोस कसा?" तो म्हणाला, "बसताच येत नाही, काकू." त्यांना खूप वाईट वाटलं.

स्पर्धेत प्रत्येकाला थोडासाच वेळ. माझ्या आधीच्यांनी आरोळ्या ठोकल्या, तलवारी फिरवल्या. मी फावडा घेऊन आत गेले, प्रेक्षकांकडे जवळजवळ पाठच केली आणि वाकून माती काढायला लागले. लोक थोडे चुळबुळले. कोणीतरी शिट्टी मारली. मी काढत राहिले. मग थांबले, पदर खोचला, पहिल्या रांगेतल्या एका मुलीकडे वळून म्हटलं, "जेवलीस का गो?"

हॉल हसला. मी पुन्हा कामाला लागले, आणि तेवढ्यात पाण्याचा आवाज सुरू झाला. आधी बारीक, मग भरून येत गेलेला. हसू कमी होत गेलं. गेम खेळलेल्यांना कळलं असावं, कारण एका कोपऱ्यातून "अरे!" असं ऐकू आलं. मी मागे न बघता फावडा खांद्यावर टाकून निघून गेले. टाळ्या पडल्या, अगदी खूप नाही, पण पडल्या.

बक्षीस मोटरवर पंख हलवणाऱ्या एका ड्रॅगनला मिळालं आणि ते त्याचंच होतं. खाली उतरल्यावर एका मुलाने मला अडवून बराच वाद घातला. सेनापतीकडे भाला असतो, फावडा कुठून आला, हे पात्राशी बेइमानी आहे. मी म्हटलं, खरंय तुझं. त्याचं समाधान झालं नाही. मग पहिल्या रांगेतली ती मुलगी शोधत आली आणि म्हणाली, "ताई, मी खरंच जेवले नव्हते." सासूबाईंनी तिला खाली बसवून भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी वाढली. ती खाता खाता म्हणाली की तो सेनापती तिला कधीच खरा वाटला नव्हता, आज वाटला. एवढं मला पुरलं.

परत येताना सासूबाई गाडीत मागे बसल्या होत्या, मांडीवर शिंगं. वडखळजवळ ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा त्या म्हणाल्या, "काकीला आणायला हवी होती."

"आल्या असत्या का?" मी विचारलं.

"आली असती. तिला कोणी कुठं नेलंच नाय."

नवरा आरशातून आईकडे बघत होता. "तू का नाही नेलंस कधी?" त्याने विचारलं. ताडकन नाही, सहज विचारलं.

सासूबाई बाहेर ट्रकांकडे बघत राहिल्या. "तुझे आजोबा काकीचे दीरच ना, ते होते तवर सवाल नव्हता," त्या म्हणाल्या. "नंतर सवय झाली."

थंडी सरत आली तेव्हा त्या स्वतः जाऊन काकीला घेऊन आल्या. काकी एका पिशवीत दोन लुगडी आणि डबाभर जवळा घेऊन आली. चार दिवस राहते म्हणाली आणि महिनाभर राहिली. नात्यातल्या दोघा-तिघांचे फोन आले. एकाने सासूबाईंना स्पष्टच विचारलं, त्या बाईला घरात कशी घेतलीस? सासूबाई म्हणाल्या, "दारातून," आणि फोन ठेवला. पेणच्या बाजारात काकीला फार मजा यायची. कारखान्यात नेलं तर पांढऱ्या, अजून रंग न लागलेल्या मूर्तींच्या रांगांमधून ती हात मागे बांधून हिंडली. घरी तिला नुसतं बसवायचं नाही, म्हणून मी तिच्यासमोर हिऱ्यांची पाकिटं ठेवायचे आणि आम्ही तिघी मिळून रंगाने वेगळे करायचो. आता बोलणं एवढं व्हायचं की चहा गार व्हायचा.

एका दुपारी तिने तो सेनापती बघायचा हट्ट धरला. नवऱ्याची सुट्टी होती. त्याने टीव्हीला गेम जोडला आणि मी जपून ठेवलेल्या जुन्या खेळातून शेवटचा टप्पा काढला. काकी खुर्चीत पाय वर घेऊन बसली. पडद्यावर सेनापती भिंतीवर उभा राहून मोठमोठ्याने बोलत होता.

"एवढा काय बोलतोय?" काकीने विचारलं.

"आपण का केलं ते सांगतोय."

"कोण ऐकतंय पण?"

मग दरवाजे उघडले, पाणी आत आलं, आणि नवऱ्याच्या हातातला नायक तलवार घेऊन पायऱ्या चढायला लागला. काकी पुढे झुकली. "थांब रे," ती त्याला म्हणाली. "नको लगेच मारूस. त्याला जरा राहू दे."

"नाही मारला तर गेम पुढे जात नाही, आजी."

"मंग नको जाऊ दे."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. त्याने नायकाला पायऱ्यांवरच थांबवलं. खाली पाणी हलत होतं, वर सेनापती भाला धरून वाट बघत होता, आणि कोणीच काही करत नव्हतं. सासूबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं, आवाज का बंद झाला? काकी थोडा वेळ तसंच बघत राहिली, मग तिची मान कलली आणि तिला झोप लागली. नवऱ्याने हळूच टीव्ही बंद केला, मी तिच्या अंगावर चादर घातली.